केबलचं बिल ४५० येतं, कमी कसं करायचं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय भुसावळला राहता, केबलचे महिन्याला ४५० जातात आणि घरात बघून बघून पाच-सहाच चॅनल बघतात. मग ४५० द्यायची अजिबात गरज नाही. मी अमळनेरची, आमच्या गल्लीत बऱ्याच जणांचे पॅक सोबत बसून बदलून दिलेत, आखाजीला माहेरी गेले की तिथंही हेच काम असतं, त्यामुळे पैसा कुठं गळतो ते चांगलं माहितीय.

आधी केबलवाल्याकडून बिलाची फोड मागा. आपल्याकडं काय होतं, महिन्याला पोरगा येतो, पैसे घेतो, जातो, आणि कशाचे किती हे कोणी विचारतच नाही. बिलात एक असतो नेटवर्कचा चार्ज, म्हणजे नुसत्या कनेक्शनचे पैसे, त्याला एनसीएफ म्हणतात, दुसरे पेड चॅनल किंवा त्यांचे पॅक, आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे तुमच्या ४५० मधले जवळपास ६९ रुपये टॅक्सचेच, आणि १०० रुपयांचे चॅनल काढले तर वाचतात ११८. एनसीएफवर आधी ट्रायची, म्हणजे केबल-टीव्हीचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेची, मर्यादा होती, २०० चॅनलला जास्तीत जास्त १३०, ती जुलै २०२४ मध्ये काढून टाकली, आता ऑपरेटर स्वतः ठरवतो. म्हणून तुमच्या भागात दुसरा ऑपरेटर असेल तर त्याचाही रेट विचारा, नुसतं विचारलं तरी पहिला नरम येतो.

पण खरा पैसा पॅकमध्ये असतो. नाव असतं मराठी फॅमिली वगैरे आणि आत इंग्रजी पिक्चर, गाणी, दोन-तीन भाषांचे कार्टून, असं कायकाय भरलेलं. एक कागद घ्या आणि घरातल्या प्रत्येकाला विचारा की गेल्या आठवड्यात खरंच काय बघितलं, "लागेल कधीतरी" हे उत्तर धरायचं नाही. आईच्या मालिका मात्र आधी लिहा, पैसे वाचवायच्या नादात म्हाताऱ्या माणसाची संध्याकाळची मालिका बंद करू नका प्लीज, दिवसभर घरात एकटं असलेल्या माणसाला तेवढाच आधार असतो. मराठी बातम्यांचे चॅनल एकतर फ्री असतात नाहीतर किरकोळ किमतीचे, त्यांची काळजी नको. सह्याद्री फ्रीच आहे.

मग प्रत्येक चॅनलची किंमत बघा, टीव्हीवर गाईडमध्ये दिसते, ९९९ नंबरवर पण माहिती असते. १९ रुपयांपेक्षा महाग चॅनल कंपनीला पॅकमध्ये टाकता येत नाही, त्यामुळे पॅकमधले तुमचे पाच चॅनल अगदी सगळे १९ वाले धरले तरी ९५ झाले. एनसीएफ १३० असेल तर बेरीज २२५, टॅक्स धरून २६५ रुपये ५० पैसे. ४५० कुठं आणि हे कुठं! फक्त एक बघा, एकाच कंपनीचे तीन-चार चॅनल हवे असतील तर कधी कधी तिचा छोटा पॅक सुट्या चॅनलपेक्षा स्वस्त पडतो, दोन्ही हिशोब करूनच ठरवा.

अजून एक, एकच चॅनल एसडी (साधा) आणि एचडी (जास्त स्पष्ट चित्राचा) दोन्ही चालू असतो आणि पैसे दोन्हीचे जातात, हे मी खूप घरात बघितलंय. टीव्ही जुना डब्बा असेल तर एचडी काढूनच टाका. आयपीएलसाठी घेतलेले स्पोर्ट्स चॅनल जूनमध्ये आठवणीनं बंद करा. डीटीएच असेल तर भजन, रेसिपी, गेम असल्या सर्विस बघा, आधी फ्री ट्रायल देतात आणि मग रोजचे एक-दोन रुपये कापत राहतात, ॲपमध्ये ॲक्टिव्ह सर्विसमध्ये सापडतात. मोबाईलच्या रिचार्जमध्ये जे ओटीटी मिळतं तेच परत वेगळं घेतलेलं नाही ना तेही तपासा. दुसरा टीव्ही असेल तर त्यावर पहिल्यासारखाच पॅक लागतो असं काही नाही, वेगळे कमी चॅनल मागा.

गावाकडं आईवडिलांच्या घरी किंवा शेतातल्या घरी टीव्ही असेल तर तिथं डीडी फ्री डिश लावा, छत्री आणि बॉक्सचा एकदाच खर्च, महिन्याचं भाडं शून्य. मोठ्या चॅनलच्या नव्या मालिका त्यावर नसतात, हे घरी आधी सांगून ठेवा.

केबलवाला म्हणाला "पॅक असाच घ्यावा लागतो" तर ऐकू नका, सुटे चॅनल घ्यायचा हक्क २०१९ पासून ग्राहकाला आहे. भांडू नका, तो पण आपल्याच गावचा असतो, शांतपणे चॅनलची यादी लिहून द्या आणि व्हॉट्सॲपवर पण टाका म्हणजे पुरावा राहतो. तरी नाहीच केलं तर मुख्य कंपनीच्या टोल फ्री नंबरवर तक्रार करून तक्रार नंबर घ्या, त्यानंतर त्यांचा नोडल ऑफिसर, म्हणजे तक्रारी बघणारा वरचा माणूस, आणि तिथंही नाही झालं तर ग्राहक हेल्पलाईन १९१५.

फोड मिळाली की नाव-नंबर झाकून इथं टाका, कोणता चॅनल ठेवायचा कोणता काढायचा ते बघून सांगते.