सागरी टाकीतील मिठाचा ब्रँड बदलताना

प्रश्न : माझी 60 लिटरची सागरी टाकी (खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय) दोन वर्षांपासून चालू आहे. तीत क्लाउनफिशची एक जोडी, आणि मऊ कोरल (प्रवाळ) आहेत: थोडे झोअँथिड, मशरूम आणि एक लेदर कोरल. दर रविवारी मी 10 लिटर पाणी बदलतो. त्यासाठी समुद्राचे पाणी बनवण्याचे नेहमीचे मीठ आता मिळेनासे झाले असून दुकानदारांनी दुसऱ्या कंपनीचे मीठ सुचवले आहे. त्याच्या डब्यावर अल्कलिनिटी 12 डीकेएच (हे तिचे एकक) छापली आहे, माझ्या टाकीत मात्र ती 8 आहे. एकदाच निम्मे पाणी बदलून मोकळे व्हावे, असे दुकानदार सांगतात. तसे करावे का? जुन्या मिठाची अर्धी पिशवी शिल्लक आहे, पण पावसाळ्यात तिच्यात गोळे झाले आहेत. ती वापरता येईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : निम्मे पाणी एकदम बदलू नये. त्यामुळे टाकीतील अल्कलिनिटी काही मिनिटांत 8 वरून 10 वर जाईल, आणि एका दिवसात 1 डीकेएचपेक्षा जास्त फरक पडू देऊ नये, हा या छंदातला सर्वमान्य दंडक आहे. कंपनी बदलली याचा कोरलला त्रास होत नाही. त्रास होतो तो पाण्याचे गुणधर्म अचानक बदलल्याचा. म्हणून डब्यावरचे नाव विसरून आपण केवळ आकड्यांकडे पाहू.

आधी एका शब्दाचा उलगडा करतो, कारण त्यावरून पुष्कळ गोंधळ होतो. शाळेच्या भूगोलात शिकलेली ‘क्षारता’ म्हणजे पाण्यातील एकूण मिठाचे प्रमाण. समुद्रात ते सरासरी दर हजारी 35 असते. अल्कलिनिटी हे त्यापेक्षा वेगळे मोजमाप आहे. पाण्यातील मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेट किती आम्ल पचवू शकतात, हे ती सांगते. नैसर्गिक समुद्रात ती सुमारे 7 डीकेएच असते. काही मिठे मुद्दाम या आकड्याच्या जवळ बनवलेली असतात, तर काहींत ती वाढवून 11-12 पर्यंत नेलेली असते. ‘रेड सी’ या एकाच कंपनीच्या साध्या मिठात ती 8 च्या आसपास आणि ‘कोरल प्रो’ या मिठात 12 च्या आसपास असते.

ही वाढीव अल्कलिनिटी कोणासाठी असते, हे आपल्या बाबतीत फार महत्त्वाचे आहे. दगडी कोरल आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतात आणि त्यासाठी रोज पाण्यातील अल्कलिनिटी खर्च करतात. ती भरून काढण्याला असे मीठ हातभार लावते. भारतात मात्र सर्व दगडी कोरल वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे ते घरी ठेवता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तुमच्या टाकीतील मऊ कोरल अल्कलिनिटी फारच थोडी वापरतात. त्यामुळे 12 चे मीठ वापरत राहिलात, तर टाकी हळूहळू 12 च्या दिशेनेच सरकत राहील. माझे स्पष्ट मत असे की, 7 ते 8 डीकेएच देणारे दुसरे कोणतेही मीठ मिळत असेल, तर थोडे थांबून तेच घ्यावे.

ते मिळतच नसेल, तर बदल सावकाश करावा. 60 लिटरच्या टाकीत खडक आणि वाळू वजा जाता पाणी साधारण 50 लिटरच उरते, म्हणजे तुमचे 10 लिटर हा सहावा नव्हे, पाचवा हिस्सा आहे. 12 चे पाणी 8 च्या टाकीत पाचव्या हिश्शाने घातले, तर पहिल्या रविवारी 8.8, दुसऱ्या रविवारी 9.4 आणि तिसऱ्या रविवारी जवळपास 10 असा आकडा होईल. दंडकात हे बसते; तरी मी 5 लिटरच बदलेन, म्हणजे पहिली वाढ केवळ 0.4 ची राहील. मोठ्या टाकीत अशी काटेकोर मोजदाद थोडी चुकली तरी निभावते, पण 50 लिटरमध्ये एक बादली कमीजास्त झाली तरी फरक दिसतो.

डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नये. तो किती क्षारतेला दिला आहे ते वाचावे, मग आरओ-डीआय (गाळून क्षार काढून टाकलेल्या) पाण्यात मीठ विरघळवून, क्षारता 35 वर आणून, टाकीच्याच तापमानाला, टाकीसाठी वापरता त्याच तपासणी किटने अल्कलिनिटी स्वतः मोजावी. पूर्वी लिटरला जितके ग्रॅम मीठ घालत होता तितकेच घालून क्षारता तीच येईल असे नाही. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजण्याचे उपकरण) 35 च्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्यावा, आणि टाकीची क्षारता बाष्पीभवनाची भर गोड्या पाण्याने घातल्यानंतरच मोजावी. मीठ नेहमी फिरत्या पाण्यात थोडे थोडे सोडावे. मिठाच्या ढिगावर पाणी ओतू नये. ढिगाजवळ द्रावण अतिशय तीव्र होते, तेथे कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन पांढरा साका बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही.

हेच तुमच्या गोळे झालेल्या मिठालाही लागू आहे. या मिठातील मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइड हवेतील ओलावा ओढून घेतात, आणि कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर त्यांना तो मुबलक मिळतो. त्या ओलीत तोच साका पिशवीतच बनू शकतो. एक-दोन गोळे फोडून 5 लिटर पाण्यात विरघळवून पाहा. काही तासांनी पाणी नितळ असेल आणि क्षारता 35 वर आणल्यावर अल्कलिनिटी नेहमीइतकी येत असेल, तर मीठ चांगले आहे. पाणी दुधाळच राहिले, तळाशी पांढरी पूड बसली आणि अल्कलिनिटीही कमी भरली, तर ती पिशवी टाकीसाठी वापरू नका.

मीठ चांगले निघाले, तर तुमचे काम सोपे होईल. दोन्ही मिठांची द्रावणे वेगवेगळी बनवून मग एकत्र करावीत. आरंभी जुन्याचे तीन भाग आणि नव्याचा एक, म्हणजे सुमारे 9 डीकेएचचे पाणी मिळेल. पुढे नव्याचा वाटा वाढवत न्यावा. कोरडी मिठे एकमेकांत कालवू नयेत, कारण ओल्या गोळ्यांमुळे ती सारखी मिसळत नाहीत आणि प्रत्येक बादली वेगळी निघते.

या काळात लेदर कोरल मिटून बसला आणि त्यावर मेणचट पापुद्रा आला, तर घाबरून पुन्हा पाणी बदलू नका. तो एरवीही अशी कात टाकतो, आणि त्याला त्यासाठी कित्येक दिवस लागतात. अल्कलिनिटी आणि क्षारता मोजा, पाण्याचा प्रवाह त्याच्यावरून नीट जातो आहे ना ते पाहा. झोअँथिड मात्र एकाच वेळी सगळे मिटले आणि दुसऱ्या दिवशीही उघडले नाहीत, तर नवे पाणी घालणे दोन आठवडे थांबवा.