दोन हार, दोन बरोबरी: पत्ते कमी पडले की वेळ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पोकेमॉन कार्ड गेम आतापर्यंत अ‍ॅपवर खेळत होतात. मुंबईतल्या एका दुकानाच्या स्पर्धेत पहिल्यांदा खऱ्या पत्त्यांनी बसलात आणि चार फेऱ्यांत दोन हार, दोन बरोबरी झाली. आता पाच हजार रुपये बाजूला काढलेत, तर बूस्टर बॉक्स (बंद पॅकांचं खोकं) घ्यावा की सध्या चलती असलेला महागडा डेक (खेळायचा साठ पत्त्यांचा संच)?

दोन्ही राहू द्या. तुमच्या निकालात हारीपेक्षा बरोबऱ्या जास्त बोलक्या आहेत. तीन डावांच्या सामन्याला साधारण ५० मिनिटं मिळतात. वेळ संपली की चालू टर्न पूर्ण करायचा, वर आणखी तीन टर्न. तेवढ्यात तिसरा डाव निकाली निघाला नाही तर सामना बरोबरीत. जिंकल्यावर ३ गुण, बरोबरीला १, हारीला शून्य. म्हणजे दोन बरोबऱ्यांचे मिळून २ गुण झाले. त्यातला एक सामना जिंकून दुसरा हरला असतात तरी ३ झाले असते. दोन सामने घड्याळावर गेलेत, आणि घड्याळ विकत घेतलेल्या पत्त्यांनी हलत नाही.

आधी पिसण्याबद्दल. अ‍ॅपमध्ये हे काम आपोआप होतं, टेबलावर हातांना करावं लागतं. मेंढीकोटाला आपण हातावर वरखाली पिसतो तसं पिसून साठ पत्ते नीट मिसळत नाहीत, आणि खटाखट वाकवून पिसलं तर पत्त्यांना बाक येतो. स्लीव्हमधल्या (प्लास्टिकच्या आवरणातल्या) डेकचे दोन भाग करायचे, एकाच्या कडा दुसऱ्याच्या कडांत सरकवायच्या आणि दाबायचं. डाव सुरू होताना असं किमान सात वेळा. सहा ढीग मांडून एकेक पत्ता टाकण्याची पद्धत साठ पत्ते पूर्ण आहेत का हे मोजायला उत्तम, पण ते पिसणं नव्हे. डावाच्या आधी एकदाच करा. डावात डेकमधून एखादा पत्ता शोधला की दर वेळी पुन्हा पिसावं लागतं आणि एका डावात हे आठ-दहा वेळा सहज होतं. दर वेळी चाळीस सेकंद घालवलीत तर सहा मिनिटं तिथेच गेली. घरी टीव्ही बघता बघता हात बसवा. वीस सेकंदांत पाच-सहा चांगले दाब देऊन पत्ते समोरच्याकडे कापायला सरकवता आले पाहिजेत.

दुसरी गळती प्राइझ तपासण्यात. साठातले सहा पत्ते प्राइझ म्हणून उलटे पडलेले असतात (समोरचा पोकेमॉन पाडला की त्यातले उचलायचे, सहाही आधी संपवणारा जिंकतो), त्यामुळे डेकमध्ये एकच प्रत असलेला कुठलाही पत्ता दहात एकदा प्राइझमध्ये अडकतो. एस स्पेक नावाचा खास पत्ता तर डेकमध्ये नियमानेच एक. चार प्रती असलेल्या पत्त्याचीही किमान एक प्रत अडकण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. त्यामुळे डावातला पहिला शोध, मग तो अल्ट्रा बॉल या पत्त्याने असो की नेस्ट बॉलने, फक्त हवा तो पोकेमॉन उचलण्यासाठी नसतो, प्राइझमध्ये काय अडकलंय ते ताडण्यासाठीही असतो. सगळे साठ पत्ते आठवायचा प्रयत्न करू नका. बहुतेक नवे खेळाडू तिथेच दोन मिनिटं घालवतात आणि शेवटी काय मोजलं ते विसरतात. आपल्या डेकमधले आठ-नऊ पत्ते निवडून ठेवा: सगळ्या एकेरी प्रती, मुख्य हल्लेखोर, त्याची उत्क्रांतीची साखळी, बॉसेस ऑर्डर्स (समोरच्याचा मागचा पोकेमॉन पुढे ओढणारा पत्ता). क्रम ठरलेला हवा, रोज तोच. डेक पसरायचा, हातातले आणि टेबलावरचे धरून त्या क्रमाने एकदाच नजर फिरवायची: एस स्पेक आहे, रेअर कँडी तीन, बॉस दोनच दिसतात, म्हणजे एक आत. तीस सेकंदांत उरकलं पाहिजे. घरी सराव असा: सात पत्ते घ्या, सहा प्राइझ मांडा, डेक चाळा, आत काय आहे ते कागदावर लिहा, मग प्राइझ उघडून ताडून पाहा. रोज दहा वेळा. कंटाळवाणं आहे, पण यापेक्षा जास्त परतावा देणारा सराव या खेळात दुसरा नाही.

तिसरी जागा म्हणजे टर्नमधला क्रम. प्रोफेसर्स रिसर्च हातातले सगळे पत्ते टाकून नवे सात देतं, म्हणून नवे लोक ते आधीच खेळतात आणि हातातला नेस्ट बॉल, एनर्जी (हल्ल्यासाठी पोकेमॉनला जोडायचे पत्ते) सगळं कचऱ्यात जातं. हात जाणारच असेल तर आधी वापरता येईल ते सगळं वापरा: बेसिक (उत्क्रांतीआधीचे) पोकेमॉन बेंचवर म्हणजे मागच्या रांगेत, एनर्जी जोडून, उत्क्रांती करून, अल्ट्रा बॉलसाठी टाकायचे दोन पत्तेही त्याच जाणाऱ्या हातातले. मग रिसर्च. याउलट हात शाबूत ठेवून पत्ते देणारी पोकेमॉनची अ‍ॅबिलिटी असेल तर ती सर्वांत आधी, कारण एनर्जी कुठे जोडायची हा निर्णय नवे पत्ते बघूनच घेतलेला बरा. परत न घेता येणारा निर्णय शक्य तितका पुढे ढकला, पण हाताबरोबर जाणारं काही शिल्लक ठेवू नका. हा विचार समोरच्याच्या टर्नमध्ये करायचा. स्वतःचा पत्ता उचलल्यावर विचाराला सुरुवात केली की वेळ जातोच, शिवाय हळू खेळल्याबद्दल जज टोकतो तो वेगळाच. सपोर्टर (रिसर्चसारखा, टर्नला एकच खेळता येणारा पत्ता) टर्न संपेपर्यंत बाजूला उघडा ठेवा आणि एनर्जी जोडली की एक ठरलेला फासा सरकवा; ‘या टर्नला जोडली होती का?’ हा वाद तिथेच मिटतो.

चौथं कोणी शिकवत नाही: डाव सोडणं. पहिल्या डावात पंचवीस मिनिटं गेली, समोरच्याच्या दोन प्राइझ उरल्यात, तुमच्या पाच, आणि बेंचवर एनर्जी असलेला कोणी नाही. हा डाव आणखी आठ मिनिटं ओढून क्वचितच फिरतो; पण ती आठ मिनिटं गेली की तिसरा डाव होतच नाही. हार मानून हात पुढे करा, दुसरा डाव मांडा. पुढच्या डावात आधी कोण हे मागचा डाव हरलेला ठरवतो, तेवढा फायदाही पदरात पडतो. (पहिल्याला पहिल्या टर्नला हल्ला करता येत नाही, सपोर्टरही खेळता येत नाही, वेगवान डेक असेल तर दुसरं जाणं कधी कधी बरं.) उलट पहिला डाव तुम्ही जिंकला असाल तर घाईचं कारण नाही, कारण दुसरा अर्धवट राहिला तरी सामना तुमचा. मात्र त्यासाठी मुद्दाम रेंगाळलात तर ती शिक्षेची बाब आहे. आणि बरोबरी टाळायला ‘नाणं उडवून ठरवू’ असं थट्टेतही म्हणू नका. नशिबावर निकाल ठरवणं हा या खेळातल्या सर्वांत गंभीर गुन्ह्यांपैकी एक आहे, थेट स्पर्धेबाहेर काढतात.

दोन हारींबद्दल तुम्ही लिहिलंय की ‘समोरच्याकडे नेहमी एक टर्न जास्त असायचा’. हा प्राइझच्या हिशोबाचा प्रश्न आहे. ईएक्स (नावापुढे ‘ex’ असलेला तगडा पोकेमॉन) पाडला की दोन प्राइझ, मेगा ईएक्स असेल तर तीन, साधा पोकेमॉन असेल तर एक. तुमच्या बेंचवर तीन ईएक्स बसलेले असले तर समोरच्याचा हिशोब सरळ: दोन, दोन, दोन, तीन वारांत सहा. त्यातला एक साधा असेल तर दोन, एक, दोन मिळून पाचच होतात आणि त्याला चौथा वार लागतो. तो चौथा वार म्हणजेच तुमचा जादा टर्न. अर्थात बॉसेस ऑर्डर्सने तो मागचा ईएक्स पुढे ओढून साध्याला वगळणारच. म्हणून तिसरा ईएक्स गरज पडेपर्यंत बेंचवर आणूच नका. अ‍ॅपवर बेंच भरलेला बघून बरं वाटतं, ती सवय मोडा. दर टर्नला स्वतःला विचारा: याच्या उरलेल्या प्राइझ कुठून येणार आहेत?

डेकची यादी तुम्ही टाकली नाहीत, पण ‘एनर्जी अठरा’ एवढं लिहिलंय आणि तेवढ्यावरून बरंच कळतं. बहुतेक स्पर्धांच्या डेकांत पोकेमॉन पंधरा ते वीस, एनर्जी सात ते बारा आणि बाकी सगळे ट्रेनर (बॉल, सपोर्टर वगैरे मदतीचे पत्ते) असतात. डेक चालतो तो ट्रेनरवर. बेसिक पोकेमॉनही मोजा: आठच असतील तर पहिल्या सात पत्त्यांत एकही न येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के, बारा असतील तर १९. प्रत्येक मलिगनला (बेसिक नाही म्हणून सात पत्ते पुन्हा घेण्याला) समोरच्याला एक पत्ता जास्त घेता येतो, आणि पुन्हा पिसण्यात मिनिट-दीड मिनिट जातं. पुन्हा घड्याळच.

आता पैसे. बूस्टर बॉक्समध्ये ३६ पॅक असतात आणि त्यातून तुम्हाला हव्या त्या पत्त्याच्या चार प्रती निघतील अशी आशा धरणं म्हणजे लॉटरी. पॅक फोडायची मजा वेगळी, स्पर्धेचा खर्च वेगळा. लीग बॅटल डेक मिळाला तर पाया तिथून घ्या: साठ पत्ते तयार, ट्रेनर बहुतेक उपयोगाचे. मग लिमिटलेस या वेबसाइटवरच्या ताज्या याद्यांशी ताडून जे आठ-दहा पत्ते बदलायचे ते सुटे घ्या. घेण्याआधी प्रत्येक पत्त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातलं छोटं अक्षर बघा. तो रेग्युलेशन मार्क. वर्षातून एकदा सर्वांत जुनं अक्षर स्पर्धेतून बाद होतं आणि त्याच्या आधीच्या महिन्यात ‘स्वस्तात डेक’ विकणाऱ्यांची गर्दी होते. जुन्या पत्त्याची नवी आवृत्ती वैध असेल तर जुनी प्रतही चालते, त्यामुळे नुसत्या अक्षरावरून घरातले जुने अल्ट्रा बॉल फेकू नका.

एक सापळा: वर्ल्ड चॅम्पियनशिप डेक. जगज्जेत्यांचे डेक, खोकं सुंदर, पण त्यांची पाठ वेगळी छापलेली असते आणि ते स्पर्धेत चालत नाहीत. घरच्या सरावाला छान. स्टेशनबाहेरच्या स्टॉलवरचे सोनेरी प्लास्टिकचे पत्ते सरळ खोटे. साध्या दिसणाऱ्या खोट्यांत पाठीचा निळा जांभळट किंवा फिका असतो, अक्षरं जाड असतात, आणि पूर्ण चित्राच्या पत्त्यावर नखाला जाणवणाऱ्या बारीक रेषा नसतात. शंका असेल तर तुमच्याकडचा खात्रीचा पत्ता शेजारी धरा. एकटा बघून फसायला होतं.

स्लीव्ह ६६ बाय ९१ मिलिमीटरच्याच घ्या, पाठ अपारदर्शक. ऑनलाइन ६२ बाय ८९च्या स्वस्त दिसतात, त्या लहान जपानी मापाच्या. ६३ बाय ८८चा पत्ता त्यात जाताना कोपरे मोडतात. शंभरांचं एकच पाकीट घ्या, म्हणजे फाटलेल्या जागी त्याच छटेची मिळते. डेकला रबरबँड लावू नका, कडेला खाच पडते. मॅट नसली तरी चालेल.

आपल्याकडचा खरा शत्रू जून ते सप्टेंबर. पत्त्याचा कागद दमट हवेत फुगतो, वरचं फॉइल फुगत नाही, म्हणून फॉइलवाला पत्ता चित्राच्या बाजूने भाजल्या पापडासारखा वळतो. दिसायला वाईट म्हणून नव्हे, नियमाने वाईट: डेक कापला की तो नेमका त्याच पत्त्यावर सुटतो, आणि जजच्या दृष्टीने तो खुणेचा, म्हणजे उलटा असतानाही ओळखू येणारा पत्ता. तपासायला डेक टेबलावर ठेवून बाजूने फट दिसते का बघा, मग डोळे मिटून तीन-चारदा कापा. दर वेळी ईएक्सच वर येत असेल तर काम आहे. ट्रेनर शक्यतो फॉइल नसलेले घ्या, स्वस्तही पडतात. ईएक्स फॉइलचेच असतात; ते हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा, वळलेले असतील तर स्लीव्हसकट जाड पुस्तकांखाली चार-पाच दिवस. निळे दाणे गुलाबी झाले की ते भिजलेत, गरम करून कोरडे करा किंवा बदला. प्रवासात डेक बॉक्स झिपच्या पिशवीत, पिशवी बॅगेत, आणि बॅग लोकलमध्ये पोटाशी.

स्पर्धा बहुधा रविवारी असतात आणि रविवारी मेगाब्लॉक असतो. मध्य किंवा हार्बरवरून येणार असाल तर शनिवारी रात्रीच वेळापत्रक बघा. पहिल्या फेरीला उशीर झाला की डाव जातो, आणि तो कुठल्याच सरावाने परत मिळत नाही. प्लेअर आयडी (स्पर्धेसाठीचा नोंदणी क्रमांक) आधी काढून ठेवा. डेकची यादी घरीच लिहा आणि पत्ता पत्ता ताडून पाहा. यादीत चार आणि डेकमध्ये तीन असं निघालं तर खेळायच्या आधीच शिक्षा होऊ शकते.

पुढचा प्रतिसाद देताना पूर्ण यादी टाका, आणि त्या दोन बरोबऱ्यांत पहिला डाव साधारण किती मिनिटांना संपला होता तेही लिहा. अठरातल्या कुठल्या सहा-सात एनर्जी काढायच्या ते त्यावरून सांगता येईल.