घरचा पहिला बेंदूर

ताई, मुलांना घेऊन बेंदूर, म्हणजे आपला बैलांचा सण, घरीच करायचा ठरवलंत, फार छान वाटलं. आपल्या सातारा-सांगलीकडे तो आषाढात येतो. श्रावणी अमावस्येच्या पोळ्यावर विसंबलात तर सण निघून जाईल. कॅलेंडर आधी बघा.

पहिल्या वर्षी मातीची एकच बैलजोडी करा.

- माती कुंभाराकडून आणा. कणकेसारखी घट्ट मळा, थोडा कापूस पिंजून घाला. नवशिक्यांची माती हमखास पातळ होते, मग बैल बसतो.
- पाय आखूड आणि जाड ठेवा. वशिंड, शिंगं जोडताना दोन्हीकडे ओरखडे काढून पातळ चिखल लावा. नुसती चिकटवली तर वाळल्यावर गळतात.
- सावलीतच वाळवा. उन्हात किंवा चुलीपाशी तडे जातात. आषाढाच्या दमट हवेत वेळ लागतो, म्हणून आठवडाभर आधी बसा.

रंगाला गेरू, हळद पुरे. शिंगं मुलांनाच रंगवू द्या, वाकडी झाली तरी हात लावू नका.

पुरणपोळी हवीच. पुरणात उलथनं उभं राहीपर्यंत आटवा, सैल राहिलं की पोळी फुटते. डाळीचं पाणी कटाच्या आमटीला ठेवा. झुली, बाशिंगं पुढच्या वर्षी शिकवते.