वाचकांचे प्रश्न : रिसीव्हर नुसताच बडबडतो

प्रश्न : दोन खोल्यांतले संगणक तारेविना जोडावेत म्हणून मी ४३३ मेगाहर्ट्झच्या ट्रान्समीटर-रिसीव्हरची तयार जोडी आणली आणि यूएसबी-सीरियल कन्व्हर्टरमार्फत जोडली. परंतु ट्रान्समीटर बंद असतानाही पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटत राहतात. रिसीव्हर खराब असेल का? ट्रान्झिस्टर वापरून ट्रान्समीटर स्वतःच तयार करावा का?

उत्तर : आपला रिसीव्हर बहुधा ठणठणीत आहे. समोरून लहर येत नसली की तो आपली संवेदनक्षमता वाढवत नेतो आणि शेवटी हवेतली खरखरच ० आणि १ म्हणून बाहेर टाकतो. दुसरी अडचण सीरियल लाइनची, म्हणजे एकामागून एक बिट वाहणाऱ्या तारेची आहे. ती रिकामी असताना १ या पातळीवर असते आणि १ म्हणजे लहर चालू, त्यामुळे ट्रान्समीटर अखंड चालू राहतो. रिसीव्हर मात्र ० आणि १ यांमधली सीमारेषा येणाऱ्या लहरीच्या सरासरीवरून ठरवत असल्याने ती सीमाच हळूहळू वर सरकते आणि पुढची अक्षरे चुकतात.

यावरचा उपाय मँचेस्टर कोडिंग हा आहे. त्यात प्रत्येक बिटचा निम्मा वेळ लहर चालू आणि निम्मा वेळ बंद असल्याने सरासरी ढळत नाही. प्रत्येक संदेशाच्या आरंभी ०१०१०१ असे काही बाइट पाठवावेत, म्हणजे रिसीव्हरला स्थिरावण्यास अवधी मिळतो. त्यानंतर ठरावीक खुणेचा बाइट, संदेशाची लांबी, मजकूर आणि अखेरीस सीआरसी ही पडताळणीची संख्या असावी. खूण न जुळल्यास किंवा सीआरसी चुकल्यास आलेले सारे टाकून द्यावे. किंमत वेगात मोजावी लागते : हवेत सेकंदाला २००० स्पंद जात असतील, तर हाती १००० बिट उरतात, आणि १०० किलोबाइटच्या फाइलला तेरा मिनिटांहून अधिक वेळ लागतो.

एक जोडी एकाच दिशेने बोलते, म्हणून पोच हवी असेल तर उलट दिशेसाठी दुसरी जोडी लागेल. दोघे एकाच वेळी बोलले तर दोन्ही संदेश वाया जातात. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या अलोहानेट या बिनतारी संगणक-जाळ्यात पोच न आल्यास प्रत्येक जण यादृच्छिक काळ थांबून संदेश पुन्हा पाठवत असे. दोघेही सारखाच वेळ थांबले, तर टक्कर पुन्हा ठरलेलीच! अँटेना म्हणून सुमारे १७ सेंटिमीटरची सरळ तार, म्हणजे पाव तरंगलांबी, पुरेशी आहे.

ट्रान्झिस्टरचा ट्रान्समीटर मात्र मी सुचवणार नाही. नुसता हात जवळ नेला तरी त्याची वारंवारता सरकते, शिवाय तिच्या दुप्पट-तिप्पट वारंवारतांवरही तो इतरांना उपद्रव देतो. कोणता पट्टा विनापरवाना वापरता येतो हे देशागणिक बदलते. ४३३ बाबत ते आधी तपासावेच.

फाइलीच पाठवायच्या असतील, तर २.४ गिगाहर्ट्झवरील एनआरएफ२४एल०१ ही चिप घ्यावी. आरंभीचे बाइट, सीआरसी, पोच आणि पुनर्प्रेषण ही सर्व कामे ती स्वतःच करते. फक्त तिला ३.३ व्होल्टच द्यावेत, कारण ५ व्होल्टांवर ती जळते, आणि वीजपुरवठ्याच्या पिनांलगत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा. तो नसला की संदेश मधूनच गहाळ होतात आणि दोष उगाच प्रोग्राममध्ये शोधला जातो.