वाचकांचे प्रश्न : आर्थर, लिअर आणि ब्रिटनच्या दंतकथांतले राजे

प्रश्न (नाशिक) : आर्थर राजावरच्या तीन इंग्रजी कादंबऱ्या वाचल्या आणि तीन वेगळेच आर्थर भेटले. एकीत आर्थरचा सरदार लान्सलॉट शूर, दुसरीत भित्रा, तिसरीत तो नाहीच. खरं कोणाचं मानायचं?

तिघांनी कथेचा वेगवेगळा थर उचलला आहे. आर्थरची गोष्ट कोणा एकाने लिहिलेली नाही, ती शतकानुशतकं साचत गेली. त्यातली कोणती गोष्ट कधी शिरली एवढं ठाऊक असलं, की कादंबरी कोणत्या पायावर उभी आहे ते पहिल्या पन्नास पानांत ओळखता येतं.

ब्रिटनमधली रोमन सत्ता 410 च्या सुमारास संपली. सहाव्या शतकातल्या गिल्डास या साधूच्या लॅटिन लेखनात बेडनच्या डोंगरावरची सॅक्सन या आक्रमक टोळ्यांविरुद्धची लढाई आहे, अँब्रोसियस ऑरेलियानस हा सेनानी आहे, पण आर्थरचं नावही नाही. ते 829-30 च्या सुमाराच्या ‘हिस्टोरिया ब्रिटोनम’ या लॅटिन इतिहासात येतं. तिथेही तो राजा नव्हे, राजांच्या जोडीने लढणारा सेनापती आहे आणि त्याच्या नावावर 12 लढाया आहेत. त्याला दिग्विजयी राजा केलं ते 1136 च्या सुमारास मॉनमथच्या जेफ्रीने, ब्रिटनच्या राजांवरच्या आपल्या लॅटिन ग्रंथात. आर्थरचं जन्मस्थान टिंटाजेल, जादूगार मर्लिन, अ‍ॅव्हेलॉन बेट यांची कथेतली जागा त्याच्यापासून पक्की झाली. आर्थरच्या सरदारांचं गोलमेज 1155 मध्ये वासच्या फ्रेंच काव्यात आलं. लान्सलॉट आणि राणीचं प्रेम, त्याची राजधानी कॅमलॉट आणि ग्रेल हे पवित्र पात्र ही बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या क्रेतियँ द त्रुआची भर. इंग्रज लेखक मॅलरीने हे सगळं एकत्र गुंफलं आणि मुद्रक कॅक्स्टनने 1485 मध्ये छापलं. म्हणजे लान्सलॉट हा कथेत बराच उशिरा आलेला पाहुणा आहे. त्याला नायक करणं, खलनायक करणं किंवा गाळून टाकणं, तिन्ही लेखकाच्या हक्कातलं आहे.

वाचायला सुरुवात करायची तर आमचं मत असं : रोमन सत्ता गेल्यानंतरचा चिखल, थंडी आणि घोडदळ अनुभवायचं असेल तर रोझमेरी सटक्लिफची 1963 ची ‘सोर्ड अ‍ॅट सनसेट’ आधी घ्या. तिच्यात लान्सलॉट नाही. लढायांचं वर्णन हवं असेल तर बर्नार्ड कॉर्नवेलची 1995 ते 97 मधली त्रयी. जेफ्रीची दंतकथा कादंबरीत कशी मुरवावी हे पाहायचं असेल तर मेरी स्टुअर्टची 1970 ची ‘द क्रिस्टल केव्ह’.

स्टुअर्टच्या या कादंबरीतला एक प्रसंग बारकाईने वाचण्यासारखा आहे. मूळ कथेत व्होर्टिगर्न राजा वेल्समधल्या डोंगरावर बुरूज बांधू लागतो, पण पाया टिकत नाही. बाप नसलेल्या मुलाचं रक्त शिंपडा, असं त्याचे ज्योतिषी सांगतात. आपल्याकडच्या किल्ल्यांच्या बुरुजांबद्दलच्या बळीच्या लोककथा ऐकलेल्यांना हे चटकन ओळखीचं वाटेल. तो मुलगा सांगतो, खाली तळं आहे आणि त्यात एक तांबडा, एक पांढरा असे दोन ड्रॅगन झुंजताहेत. ‘हिस्टोरिया’त हा मुलगा अँब्रोसियस आहे, जेफ्रीने त्याच्या जागी मर्लिन बसवला. स्टुअर्ट ड्रॅगन बाजूला ठेवते : बुरुजाखाली जुनी खाण आहे, तिच्यात पाणी साचलंय, म्हणून भिंत खचते. चमत्काराला भौतिक कारण मिळतं, पण मुलाच्या मानेवरची टांगती तलवार तशीच राहते. दंतकथेचा ताण न गमावता ती इतिहासाच्या जवळ आणायची ही फार चांगली रीत आहे.

प्रश्न (सोलापूर) : ‘नटसम्राट’मागे शेक्सपिअरचा लिअर आहे. पण असा राजा खरंच होऊन गेला का?

तसा कोणताही पुरावा नाही. लिअरची कथा आज आपल्याला मिळते ती जेफ्रीपासून, आणि त्याने ती रोमच्या स्थापनेच्याही आधीच्या काळात टाकली आहे. तिथे राज्य वाटून मिळालेल्या मुली बापाचे स्वार कमी करत नेतात : आधी 30, मग 5, शेवटी 1. या आकड्यांतच सगळी मानहानी आली. पण शेवट निराळा आहे. फ्रँकांच्या मदतीने लिअर राज्य परत मिळवतो, 3 वर्षं राज्य करून मरतो आणि धाकटी मुलगी कॉर्डेलिया त्याला लेस्टरजवळ सोर नदीच्या तळाखालच्या भुयारात पुरते. मग ती 5 वर्षं राज्य करते, भाचे बंड करतात आणि ती कैदेत जीव देते. बापाच्या हातात मुलीचं प्रेत हा शेवट शेक्सपिअरचा. तो लोकांना इतका असह्य झाला, की 1681 मध्ये नेहम टेटने सुखान्त लिहिला आणि 1838 पर्यंत रंगभूमीवर बहुतांशी तोच चालला.

जेफ्रीच्या यादीतले सगळेच राजे मात्र काल्पनिक नाहीत. कॅसिव्हेलॉनस इ.स.पू. 54 मध्ये सीझरशी लढला. शेक्सपिअरचा सिंबलिन म्हणजे कुनोबेलिनस. त्याची सोन्याची नाणी मिळाली आहेत : एका बाजूला जवाचं कणीस आणि ‘कामु’ ही अक्षरं, म्हणजे आजचं कोलचेस्टर, दुसऱ्या बाजूला घोडा आणि ‘कुनो’.

प्रश्न (ठाणे) : आर्थरच्या काळावर मराठीत कुमारांसाठी कादंबरी लिहीत आहे. कुठे घसरायला होतं? वेल्श नावं कशी लिहावीत?

सर्वांत जास्त घसरण होते ती दगडी किल्ल्यावर. टिंटाजेलचा आज दिसणारा किल्ला 1230 च्या दशकातला आहे. आर्थरच्या काळाचा नमुना हवा तर इंग्लंडमधलं साउथ कॅडबरी पाहा. तिथे 1966 ते 70 या काळात उत्खनन झालं : जुन्या टेकडीच्या तटाची लाकूड-दगडांनी पुन्हा केलेली बांधणी आणि सुमारे 19 मीटर लांब, 10 मीटर रुंद लाकडी सभागृह. दोन्ही ठिकाणी पूर्व भूमध्य प्रदेशातून आलेल्या मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले, तेव्हा सरदाराच्या पानात ऑलिव्हचं तेल आणि वाइन खुशाल ठेवा. बटाटा मात्र नको. अंगभर पोलादी चिलखत पंधराव्या शतकातलं, तेही नको. घोड्याला रिकीबही नको. रोमन खोगिराला चार शिंगं असत, त्यांत स्वाराची मांड घट्ट बसे. आणि राजाला सोन्याच्या मोहरा उधळायला लावू नका, नवी नाणी येणं पाचव्या शतकात बंद पडलं होतं.

नावं इंग्रजी उच्चारावरून लिहू नका. वेल्शमध्ये एकटा ‘एफ’ म्हणजे व, दोन ‘एफ’ म्हणजे फ. दोन ‘डी’चा उच्चार आपल्या द-च्या जवळ जातो. ‘डब्ल्यू’ बऱ्याचदा उ असतो. ‘वाय’ शेवटच्या अक्षरावयवात बहुधा इ, त्याआधी आपला अ. म्हणून मर्लिनचं वेल्श नाव मर्दिन. दोन ‘एल’चा घासून येणारा ध्वनी इंग्रजीत नाही, मराठीत ‘कोल्हा’मधला ल्ह त्याला बराच जवळचा. राणी ग्वेनहुइवार, सोबती बेदविर. आघात बहुतेक वेळा शेवटून दुसऱ्या अक्षरावयवावर येतो. एकदा ठरवलेलं रूप शेवटच्या पानापर्यंत बदलू नका, कारण ग्वेनहुइवार मध्येच गिनिव्हिअर झाली तर मुलांना त्या दोन बायका वाटतील.