लक्षद्वीपला रात्रीच्या जहाजाने वयस्कर आई-वडिलांना नेणं झेपेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरहून कोचीला जाऊन तिथून जहाजाने लक्षद्वीप गाठायचं आहे. बरोबर सत्तरीचे वडील आणि पासष्टीच्या आई. आईंना घाटात एसटीतही मळमळतं, वडिलांचे गुडघे कुरकुरतात. एक अख्खी रात्र समुद्रात काढणं त्यांना जमेल का?

रात्र जमेल. आईंच्या मळमळीची तुम्हाला जास्त काळजी वाटते आहे, पण मी वडिलांच्या गुडघ्यांचा विचार आधी करेन. या प्रवासातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे सकाळी जहाजातून उतरण्याची पाच मिनिटं, आणि त्याबद्दल आधी कुणी सांगत नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

लक्षद्वीपची बेटं प्रवाळाची आहेत. बेटाभोवती प्रवाळाची कड असते आणि तिच्या आत उथळ खाजण. मोठं जहाज त्या उथळ पाण्यात शिरू शकत नाही, म्हणून ते बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि बेटावरून छोट्या मोटारबोटी त्याला येऊन भिडतात. जहाजाच्या कुशीत, पाण्याच्या बरंच जवळ, एक दार उघडतं आणि त्यातून तुम्ही बोटीत पाऊल टाकता. काही बेटांवर खोल पाण्यापर्यंत धक्का बांधलेला आहे आणि समुद्र शांत असेल तर जहाज थेट त्याला लागतं. पण त्या दिवशी लाटा असल्या की पुन्हा बोटच. त्यामुळे बोटीत उतरावं लागणारच असं धरून चाला.

जहाज जड असल्याने जवळजवळ स्थिर असतं, बोट मात्र लाटेबरोबर वर-खाली होते. साधा दिवस असला तरी हा फरक हातभर सहज असतो, वारा असेल तर त्याहून जास्त. बोट वर येऊन दाराच्या पातळीला टेकते तो क्षण पाऊल टाकायचा. खलाशी दंड धरून उभे असतात आणि ते 'आता' म्हणतील तेव्हाच निघायचं. उडी मारायची नाही, रोजच्यासारखं पाऊल टाकायचं. ऐन वेळी कचरून अर्धं पाऊल मागे घेणं सगळ्यात धोक्याचं, कारण तेवढ्यात बोट खाली गेलेली असते. आणि बोटीच्या काठावर हात ठेवायचा नाही. काठ आणि जहाज यांच्यामध्ये बोटं चेमटतात. आधार खलाशाच्या हाताचा घ्यायचा.

दोन्ही हात मोकळे हवेत. बॅगा वेगळ्या उतरवल्या जातात, त्या आपण हातात धरायच्या नाहीत. म्हणून औषधं, चष्मा, परवाना आणि पैसे गळ्यातल्या किंवा कमरेच्या छोट्या पिशवीत ठेवा. बॅग कधी दुसऱ्या बोटीतून येते, आणि वडिलांची सकाळची बीपीची गोळी नेमकी तिच्यात असते. आईंना त्या सकाळी साडीपेक्षा पंजाबी ड्रेस सोयीचा, साडीच नेसायची असेल तर घोट्याच्या वर खोचून. पायात मागे पट्टा असलेली रबरी तळाची सँडल हवी. आपली कोल्हापुरी चप्पल या प्रवासात घरीच ठेवा. तिचा चामड्याचा तळ ओल्या लोखंडावर सरकतो, आणि खाऱ्या पाण्याने चप्पलही वाया जाते.

निघण्याआधी घरच्या घरी एक परीक्षा घेता येते. वडिलांना पंचगंगेच्या घाटावर घेऊन जा. तिथल्या दगडी पायऱ्या जिन्यासारख्या एकसारख्या नाहीत. तुम्ही एका बाजूने दंड धरा आणि बघा, कठड्याचा किंवा काठीचा आधार न घेता ते आठ-दहा पायऱ्या उतरतात का, आणि एका पायावर सगळा भार देऊन क्षणभर थांबू शकतात का. जमलं तर बोटीतही जमेल. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय आणावे लागत असतील तर जहाजाचा नाद सोडा आणि कोचीहून अगत्तीचं विमान बघा. सव्वा-दीड तासाचा प्रवास आहे, अगत्तीच्याच बेटावर विमानतळ आहे आणि तिथेच मुक्काम केला तर बोटीची भानगड नाही. फक्त तिथून दुसऱ्या बेटावर जायचं म्हटलं की पुन्हा बोट आली.

आता रात्र. कोचीहून कल्पेनी, अँड्रोथ ही जवळची बेटं सुमारे २९० किलोमीटरवर आहेत, कवरत्ती आणि मिनिकॉय सुमारे ४००. बेट आणि जहाज यांनुसार १४ ते १८ तास लागतात. वाटेत दुसरं बेट घेतलं तर आणखी जास्त. या मार्गावरचं सगळ्यात मोठं जहाज एम. व्ही. कवरत्ती, ७०० प्रवाशांचं. एम. व्ही. कोरल्स आणि एम. व्ही. लगून्स ४०० प्रवाशांची, अरेबियन सी आणि लक्षद्वीप सी २५० ची. निवडायला मिळालं तर मोठं जहाज घ्या. लांब आणि जड जहाज लहान लाटांना दाद देत नाही.

पहिल्या वर्गात दोघांची केबिन असते, दुसऱ्यात चौघांची, आणि बंक म्हणजे मोठ्या वातानुकूलित दालनात एकावर एक बर्थ. तरुण माणसाला बंक पुरेसा आहे. तुमच्यासाठी मी चौघांची केबिन सुचवेन. दार लावता येतं, दिवा आपल्या हातात राहतो आणि दोन खालचे बर्थ आई-वडिलांना देता येतात. बंकच मिळाला तर खालचा मागा, आणि पांघरूण व हवा भरायची उशी बरोबर ठेवा. एसी कडक असतो, एक सोलापुरी चादर माणशी लागतेच.

बर्थ कुठला याने फार फरक पडतो. एसटीच्या शेवटच्या बाकावर दणके बसतात आणि मधल्या बाकावर कमी, हे आपल्याला माहीतच आहे. जहाजाची दोन्ही टोकं शेवटच्या बाकासारखी. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वर जाते तेव्हा मागची बाजू खाली जाते, मधला भाग जवळपास जागीच असतो. डावी-उजवीकडची झुलण वरच्या मजल्यांवर जास्त जाणवते, खाली कमी. म्हणून मधला आणि खालचा भाग चांगला. वरच्या मजल्यावरची खिडकीची केबिन दिसायला छान, पण आईंसाठी नाही.

मळमळ होते कशाने? कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो की आपण हलतोय, आणि केबिनच्या भिंतीकडे बघणारे डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. मेंदूला या दोन बातम्यांचा मेळ लागत नाही. त्यामुळे गोळीखेरीज दोन गोष्टी काम करतात. उजेड असेल तोवर उघड्या डेकवर बसून क्षितिजाकडे बघत राहणं, आणि अंधार पडल्यावर सपाट पडून डोळे मिटणं. मोबाइल आणि वाचन बंद. डिझेलचा आणि स्वयंपाकाचा वास येतो तिथून लांब राहायचं.

गोळीची वेळ इथे बहुतेकांची चुकते. कोची बंदर खाडीच्या आत आहे, जहाज निघाल्यावर फोर्ट कोची मागे पडेपर्यंत पाणी संथ असतं. माणूस म्हणतो, 'काही होत नाहीये, गोळी कशाला?' मग उघड्या समुद्रात झुलण सुरू होते, आणि एकदा उलटी सुरू झाली की गोळी पोटात टिकत नाही. एव्होमिनसारखी गोळी जहाज सुटण्याच्या तास-दोन तास आधी पोटात गेलेली हवी. मात्र या गोळ्यांनी गुंगी येते आणि तोंडाला कोरड पडते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर त्या चालत नाहीत, म्हणून दोघांच्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. निघण्याच्या आठवडाभर आधी घरी एकदा घेऊन किती झोप येते ते बघा. आणि मध्यरात्रीनंतर दुसरी गोळी देऊ नका. सकाळी बोटीत पाऊल टाकताना ती गुंगी उतरलेली नसते. आधी सांगितलेली पाच मिनिटं आणि ही गोळी एकमेकांना जोडलेली आहेत.

पोट रिकामं ठेवणं हा गैरसमज. रिकाम्या पोटी मळमळ वाढते. निघायच्या दिवशी तांबडा-पांढरा नको, दूधही नको. दहीभात, इडली असं हलकं खाऊन चढा. आलेपाकाच्या वड्या खिशात असू द्या, आल्याने बऱ्याच जणांना बरं वाटतं. जहाजावर कँटीन असतं, जेवण ठरावीक वेळेला मिळतं आणि चव केरळची, म्हणजे जाड तांदळाचा भात, माशाचं कालवण, सांबार. शाकाहारी असाल तर पर्याय थोडे. दशम्या, भडंग, केळी घरून न्या. उलट्या झाल्याच तर ओआरएस घोट-घोट देत राहा. वडिलांना मधुमेहाची गोळी असेल तर न जेवता ती देऊ नका.

रात्री शौचालयाला जाताना दोन गोष्टी सांभाळा. जहाजात दारांना उंच लोखंडी उंबरा असतो, पाणी आत येऊ नये म्हणून. अर्धवट झोपेत तिथे हमखास ठेच लागते. आणि दारं जड असतात, जहाज कललं की आपोआप आपटतात. चौकटीला हात लावून उभं राहायचं नाही. चढल्याबरोबर, उजेडीच, दोघांना बर्थपासून शौचालयापर्यंत एक फेरी मारून आणा. त्याच फेरीत लाइफ जॅकेट कुठे आहेत आणि संकटाच्या वेळी आपल्या भागातल्या प्रवाशांनी जमायची जागा कुठली तेही बघा. भोंग्याचे सात किंवा जास्त छोटे आणि मग एक लांब आवाज आला तर सामान सोडून तिथे जायचं. किनारा सुटल्यावर थोड्या वेळाने मोबाइलची रेंज जाते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिकडे काळजी सुरू होते.

कधी जायचं? मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांनी जहाजाचं नाव काढू नये. तुमच्यासाठी जानेवारी ते मार्च.

तिकिटाइतकाच परवाना महत्त्वाचा. लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो, तो ऑनलाइन अर्ज करून मिळतो आणि त्यावर बेटाचं नाव असतं. कवरत्तीचा परवाना घेऊन कल्पेनीला उतरता येत नाही. अर्जाला पोलीस पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं, ते आपल्या पोलीस ठाण्याकडून घ्यावं लागतं, आणि वेळ त्यातच जातो. आधार, पडताळणी, परवाना आणि तिकीट या चारही ठिकाणी नाव अक्षरशः एकसारखं लिहा. आपल्याकडे मधलं नाव कधी लिहितात, कधी गाळतात, त्यावरून अडतं. बेटावर उतरल्यावर परवाना तिथल्या पोलीस ठाण्यात दाखवायचा असतो. लक्षद्वीप प्रशासनाच्या 'स्पोर्ट्स' या पर्यटन संस्थेचं पॅकेज घेतलं तर परवाना आणि जागा दोन्ही तेच बघतात. त्यांच्या समुद्रम सहलीत मुक्काम जहाजावरच असतो आणि दिवसा बेटं बघायची. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात बोटीची चढ-उतार रोज होते. गुडघ्यांचा विचार करता मी एका बेटावर मुक्काम करून एकदाच जाणं-येणं करण्याच्या बाजूचा आहे.

पर्यटकांसाठी तिकिटं मोजकी असतात आणि ती तशीच असायला हवीत असं मला मनापासून वाटतं. बेटावरच्या माणसांची ही लालपरी आहे. दवाखाना, परीक्षा, लग्न, सगळ्यासाठी त्यांना हेच जहाज. म्हणून जाण्याचं आणि येण्याचं तिकीट एकदमच काढा. परतीचं नंतर बघू म्हणणारे बेटावर अडकतात.

कोल्हापूरहून कोचीला रोजची थेट गाडी नाही. मिरजेहून आठवड्यातून एकदा पुणे-एर्नाकुलम पूर्णा एक्सप्रेस मिळते. रोजच्या गाड्या हव्या असतील तर आंबा घाटाने रत्नागिरी गाठा, तिथून नेत्रावती किंवा मंगला लक्षद्वीप. वडिलांना बसने घाट नको असेल तर मिरजच बरी. एर्नाकुलम जंक्शनहून विलिंग्डन आयलंड जवळ आहे, जहाज तिथूनच सुटतं. आदल्या दिवशी पोचून मुक्काम करा, कारण जहाजाची वेळ आदल्या दिवशीही बदलते. परतीच्या रेल्वेचं तिकीट जहाज कोचीला लागण्याच्या दिवसाचं काढू नका, दोन दिवस मोकळे सोडा. हवा बिघडली तर जहाज थांबतं, त्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

जानेवारीत जायचं असेल तर पोलीस पडताळणीचा अर्ज दिवाळीच्या सुट्ट्या लागण्याआधी टाका, आणि त्याच आठवड्यात वडिलांना घाटावर घेऊन जा. ते पायऱ्या कसे उतरतात ते बघितल्याशिवाय तिकिटाचे पैसे भरू नका.