मोटारसायकलचा टायर घरी हाताच्या टायर चेंजरवर बदलताना शेवटची कड रिमवर चढत नाही, काय चुकत असावे?

बहुधा जोर कमी पडत नसून समोरच्या बाजूकडे दुर्लक्ष होत असते. रिमचा मधला भाग खोलगट असतो. कड रिमवर चढवायची पट्टी जिथे लावली आहे, तिच्या बरोबर समोरची टायरची कड गुडघ्याने दाबून त्या खोलगट भागात उतरवली, की पट्टीकडे हवी तेवढी ढील मिळते, आणि ती कड वर सरकली, की कितीही रेटले तरी रिमला ओरखडेच पडतात. दोन्ही कडांना साबणाचे दाट पाणी लावावे. ग्रीस मात्र नको, कारण त्याने रबर खराब होते. ट्यूब असल्यास तिच्यात किंचित हवा ठेवावी, म्हणजे ती पट्टीखाली चिमटत नाही. टायरवरील बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेने आहे ना, हे आधीच पाहावे. मी एकदा विसरलो आणि सगळे पुन्हा उतरवावे लागले.